एलादिओ सेदेन्योची हकालपट्टी

एल एस्पावे गावात एलादिओ सेदेन्योला वाघ म्हणत. तोंडावर म्हणत आणि माघारीही म्हणत, म्हणजे थट्टेने नव्हे. सोमवार ते शनिवार हा वाघ डॉन ओल्मेदो बार्रिओसच्या भातगिरणीत वजनकाट्यापाशी बसलेला असायचा. भाताने लादलेला ट्रॅक्टर आला की काटा बघायचा, आकडा ओरडायचा, आणि डॉन ओल्मेदोची जीप फाटकात वळली की खुर्चीत विंचू निघाल्यासारखा उठून उभा राहायचा. रविवारी मात्र तो गावच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. टोपी मागे सरकवलेली, शर्टाची वरची बटणं उघडी, पोट पुढे. आणि रविवारी दुपारी, सहाव्या डावाच्या सुमाराला, पंच त्याला मैदानाबाहेर काढायचा.

निम्मं गाव तेवढ्यासाठी यायचं. खेळ काय, शेजारच्या रिओ ओंदो गावातही बघायला मिळतो, राजधानीत तर दिव्यांच्या उजेडात मिळतो. पण एलादिओची हकालपट्टी फक्त एल एस्पावेत. बायका भांडी घासायची तशीच टाकून पाचव्या डावाला येऊन बसत. बँडवाले तोवर पेंगत असायचे. एलादिओ बाकावरून उठला की ट्रम्पेटवाला आपल्या शेजाऱ्याला कोपराने ढोसायचा.

मग सुरू व्हायचं. एलादिओ आधी चालत निघायचा, मग भरभर, मग पळत, आणि पंचाच्या नाकापासून बोटभर अंतरावर येऊन थांबायचा. चेंडू बॅटवाल्यापुढच्या पट्टीवरून गेला होता की बाहेरून, एवढाच प्रश्न असायचा. पण एलादिओ त्यात पंचाची नजर, पंचाची आई, पंचाच्या आजोळची विहीर असं सगळं ओवायचा. एकदा त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पंचाच्या नाकावर चढवला. एकदा दुसऱ्या बेसची गादी उपटून काखेत मारली आणि सरळ घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, एदिल्माने, ती बरेच दिवस दारात पायपुसणं म्हणून वापरली. एकदा तर तो पंचाच्या पायाशी उताणा झोपला, छातीवर हात जोडले आणि मेल्याचं सोंग केलं. बँडने मयताची धून वाजवली आणि पंचाला सुद्धा हसू आवरेना. मग पंचाचा हात वर जायचा, बोट फाटकाकडे वळायचं, आणि गाव उभं राहून टाळ्या वाजवायचं.

नियम सोपा आहे. बाहेर काढलेल्या मॅनेजरने बाकावर बसायचं नाही, मैदानात पाय ठेवायचा नाही, आपल्या खेळाडूंशी बोलायचं नाही. त्या क्षणापासून संघ त्याच्या दुय्यमाचा. जिंकला तर दुय्यमामुळे, हरला तर दुय्यमामुळे. एलादिओ फाटकाबाहेर आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसायचा, कोणीतरी त्याच्या हातात थंड बिअर द्यायचं, कोणीतरी पाठ थोपटायचं आणि म्हणायचं, "आपल्यासाठी भांडणारा हा एकच माणूस आहे गावात." एलादिओ मान डोलवायचा. घसा बसलेला असल्यामुळे त्याला बोलायची गरज नसे.

पंच म्हणजे देमेत्रिओ बातिस्ता, गावचा न्हावी. तो एलादिओचा कोंपाद्रे होता, म्हणजे एलादिओच्या एकुलत्या एका मुलीचा, यारिएलाचा, धर्मपिता; ती त्याला पाद्रिनो म्हणायची. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने तिला पाण्यावर धरलं होतं. आता आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. भाऊ भावाला शिव्या देतो, सकाळी विसरतो. कोंपाद्रेला शिवी दिली तर दोन्ही घरांतलं पाणी कडू होतं असं म्हाताऱ्या सांगतात, आणि त्या सांगतात ते कोणी तपासून बघायला जात नाही. म्हणून एलादिओने एक युक्ती काढली होती. पळत पळत पंचापर्यंत पोचायचं, टोपी काढून छातीशी धरायची, क्रूसाची खूण करायची आणि म्हणायचं, "कोंपाद्रे, बाप्तिस्म्याच्या पाण्याची माफी मागून सांगतो." एवढं म्हटलं की पुढचं सगळं चालायचं. देमेत्रिओही मान तुकवून माफी द्यायचा आणि मग शिव्या ऐकून घ्यायचा. कितीही तापले तरी दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. "तुम्ही आंधळे आहात, कोंपाद्रे." "तुम्ही बाहेर व्हा, कोंपाद्रे." सोमवारी एलादिओ दाढीला त्याच्याच खुर्चीत बसायचा आणि गळ्यावर त्याचाच वस्तरा फिरवून घ्यायचा.

इथवर सगळं गोड आहे. आता सहाव्या डावाचं सांगायला हवं.

संघ डॉन ओल्मेदोचा होता. गणवेश त्याचे, चेंडू त्याचे, मैदानाची जमीन त्याच्या आजोबांची. आणि चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, त्याचा मुलगा. ओल्मेदितो. पोरगा उंच, देखणा, आणि पाच डाव झकास टाकायचा. पाच डावांनंतर त्याचा हात दमायचा आणि चेंडू असा यायचा की समोरच्या गावाचा पाद्री सुद्धा काठीने फटकावू शकेल. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ओल्मेदितोलाही ठाऊक असावं. फक्त डॉन ओल्मेदोला ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगायला कोणी तयार नव्हतं. सहाव्या डावात त्या पोराच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा म्हणजे सावलीत वेताच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या बापाचं नाक भर रविवारी कापायचं.

एलादिओने ते कधीच कापलं नाही. त्याच्या आधीच तो भांडून बाहेर पडायचा.

मग दुय्यम उठायचा. काही रविवार तो पोराला तसंच टाकू द्यायचा, पण एखाद्या रविवारी त्याला राहवायचं नाही. बिचारा बघायचा की तिन्ही बेसवर परक्या गावाचे गडी उभे आहेत, आणि जाऊन ओल्मेदितोला बसवायचा. सोमवारी डॉन ओल्मेदो गिरणीत यायचा. दुय्यमाचा संघही जायचा आणि गिरणीतली नोकरीही जायची. असे तीन दुय्यम गेले. एक जण आता बोटीवर कोळंबी पकडतो, एक मेहुण्याच्या गोठ्यात दूध काढतो, तिसऱ्याचं आम्हाला काही कळलं नाही. दर वेळी डॉन ओल्मेदो काट्यापाशी थांबून म्हणायचा, "तुम्ही आत असता तर हे झालं नसतं, एलादिओ." आणि एलादिओ म्हणायचा, "काय करणार डॉन ओल्मेदो, माझा स्वभावच तापट." हे म्हणताना तो टोपी हातात घेऊन उभा असायचा.

तो मनात हसत असेल असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं, आणि हीच गंमत आहे. एलादिओचा स्वतःवर विश्वास होता. आपण न्यायासाठी भांडतो आणि म्हणून आपल्याला बाहेर काढतात, असं तो खरोखर धरून चालला होता. गावाने वाघ म्हटलं, त्याने मान्य केलं. न्यायाची चाड नेमकी सहाव्या डावातच का येते, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. म्हणून तर तिसरा दुय्यम गेल्यावर डॉन ओल्मेदोने विचारलं, "आता कोण?" तेव्हा हा अभिमानाने म्हणाला, "माझा जावई आहे की. हासिन्तो." जावयाला मान मिळाला म्हणून संध्याकाळी त्याने घरी कोंबडीचं सानकोचो, म्हणजे कंदमुळं घातलेला रस्सा, करायला लावलं. एदिल्माने पातेल्यावरून मान वर करून त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि आणखी थोडं मीठ टाकलं.

हासिन्तो वेर्गारा गिरणीचा ट्रक चालवायचा. बोलायला कमी, कामाला पक्का. यारिएला पोटुशी होती, पाय सुजायला लागले होते, आणि दोघं गिरणीच्या खोलीत राहत होते. म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचा पत्राही गेला.

अंतिम सामना रिओ ओंदोशी होता. रविवारी सकाळी एलादिओ मक्याची तळलेली तोर्तिया आणि पांढरं चीज खात बसला होता तेव्हा यारिएला आली. कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

"बस ना," एलादिओ म्हणाला. "कॉफी घे."

"बसायला नाही आले. पापा, आज बाहेर पडू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय. आज ओल्मेदितोला काढायचं तर तुम्ही काढा. हासिन्तोच्या गळ्यात बांधू नका."

"अगं, मी काय मुद्दाम बाहेर पडतो का? देमेत्रिओ काढतो. अन्याय दिसला की माझं डोकं..."

"पापा," यारिएला म्हणाली, "मी तुमची मुलगी आहे, गाव नाही."

एलादिओने तोर्तियाचा तुकडा मोडला आणि तो कॉफीत बुडवायचा की चीजला लावायचा याचा विचार करू लागला. चुलीपाशी एदिल्मा पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण तिने हात थांबवला होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "बघतो."

"बघू नका. सांगा."

"सांगितलं की. बरं म्हटलं ना."

यारिएला गेली. ती घरी न जाता न्हाव्याच्या दुकानाकडे वळली, हे एलादिओला त्या वेळी कळलं नाही. त्याने उरलेली कॉफी प्यायली. बरं म्हटलं तेव्हा त्याला खरंच बरं म्हणायचं होतं, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हरकत नाही.

दुपारी मैदान खच्चून भरलं. रिओ ओंदोहून दोन बस भरून लोक आले होते आणि आपला बँड घेऊन आले होते, त्यामुळे दोन्ही बँड एकमेकांवर वाजवत होते आणि कुठलीच धून ओळखू येत नव्हती. डॉन ओल्मेदो पत्र्याच्या सावलीत वेताच्या खुर्चीत बसला होता, शेजारी कोणत्या तरी सरकारी खात्यातले दोन पाहुणे. मुलगा चेंडू टाकायचा तेव्हा तो पाहुण्यांच्या गुडघ्यावर थाप मारायचा.

पाच डाव ओल्मेदितोने रिओ ओंदोला नाचवलं. एल एस्पावे चार, रिओ ओंदो एक. एलादिओ बाकावर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता. शेजारी हासिन्तो.

सहावा डाव सुरू झाला आणि पहिल्याच गड्याला ओल्मेदितोने चार चेंडू इतके लांब टाकले की त्याला बॅट न हलवता पहिला बेस मिळाला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याने मात्र बॅट हलवली, आणि चेंडू कुंपणाला लागून परत येईपर्यंत दोघं धावून घरच्या बेसला पोचले. चार-तीन.

एलादिओच्या हातातल्या बिया संपल्या. त्याला सावलीतली वेताची खुर्ची दिसत होती, आणि मान वळवली तर मागच्या रांगेत बसलेली यारिएला दिसत होती, म्हणून त्याने मान वळवली नाही. पुढचा चेंडू आला. हातभर बाहेर होता. आंधळ्यालाही दिसला असता. देमेत्रिओने बाहेर म्हणून पुकारला.

आणि एलादिओला जाणवलं की आपल्यावर अन्याय होतोय.

तो उठला. ट्रम्पेटवाल्याने शेजाऱ्याला ढोसलं. एलादिओ चालला, मग भरभर चालला, मग पळाला. लोक आधीच उभे राहिले होते. त्याने टोपी छातीशी धरली, क्रूस केला.

"कोंपाद्रे, बाप्तिस्म्याच्या पाण्याची माफी मागून सांगतो."

"माफ केलं," देमेत्रिओ म्हणाला. "सांगा."

"तो चेंडू पट्टीच्या बरोबर मधून गेला."

"असेल."

एलादिओ गडबडला. असेल हे उत्तर त्याच्या हिशेबात नव्हतं. "असेल म्हणजे? तुम्ही आंधळे आहात, कोंपाद्रे. लोकांच्या दाढ्या करता की कान कापता?"

"कधीकधी कानही कापतो. वय झालं."

"तुम्हाला रिओ ओंदोने विकत घेतलंय."

"बरं. आणखी काही?"

एलादिओने मातीला लाथ मारली. माती देमेत्रिओच्या विजारीवर उडाली. देमेत्रिओने ती हाताने झटकली. एलादिओने टोपी जमिनीवर आपटली. देमेत्रिओने वाकून ती उचलली, फुंकर मारली आणि त्याच्या हातात दिली. एलादिओ धावत पहिल्या बेसवर गेला, गादी उपटली, डोक्यावर धरून परत आला.

"ठेवा ती जागेवर, कोंपाद्रे," देमेत्रिओ म्हणाला. "तुमच्या कमरेला बरं नाही, जड उचलू नका."

लोक हसले. नेहमीसारखे नाही हसले. बँडने दोन सूर वाजवले आणि थांबवले, कारण हात काही वर जाईना. रिओ ओंदोचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकाने जांभई दिली. एलादिओ शेवटचा उपाय म्हणून उताणा झोपला. ऊन थेट डोळ्यांत आलं. देमेत्रिओ त्याच्या बाजूला उकिडवा बसला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"उठा. तुम्ही मला आज चाकू मारलात तरी मी तुम्हाला काढणार नाही."

"का?"

"सकाळी पोरगी दुकानात आली होती. म्हणाली, पाद्रिनो, आज पापांना बाहेर काढू नका. मी तिला पाण्यावर धरलंय, कोंपाद्रे. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं."

एलादिओ तसाच पडून राहिला. "तुम्हाला कळत नाही," तो म्हणाला. "मला बाहेर जायलाच हवं."

त्याच्या तोंडून हे निघून गेलं. देमेत्रिओ गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"मला वाटायचं तुम्ही वेडे आहात," तो म्हणाला. "वेडे असता तर बरं झालं असतं. जा, बाकावर जाऊन बसा."

एलादिओ उठला, पाठीवरची माती कोणी झटकून दिली नाही, आणि परत चालत आला. एवढं मैदान त्याला कधी ओलांडावं लागलं नव्हतं; तो नेहमी दुसऱ्या बाजूला जायचा. बाकावर बसताना तो हासिन्तोकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. हासिन्तो हसला नाही. सासरा पाव तास मातीत लोळून काय मिळवायला बघत होता ते त्याने बाकावरून बघितलं होतं. मागच्या रांगेतून यारिएलानेही बघितलं होतं.

ओल्मेदितोने पुढच्या दोघांना पुन्हा फुकट सोडलं, त्याच्या पुढच्याने फटका मारला. चार-चार, आणि तिन्ही बेसवर रिओ ओंदोचे गडी. अजून एकही बाद नव्हता.

"सासरेबुवा," हासिन्तो म्हणाला, "त्याचा हात गेलाय. बदला."

"अजून एक बघू."

"काय बघायचं राहिलंय?"

"एखाद्या वेळी सावरतो पोरगा."

"चार वर्षांत कधी सावरला?"

एलादिओने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. "मग मी जातो," तो म्हणाला. "तुमची हरकत नाही ना?"

या प्रश्नाला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. एलादिओने खोकला काढला. आयुष्यभर डॉन ओल्मेदोसमोर त्याने जे जे प्रश्न निभावले होते ते असेच निभावले होते. हासिन्तोने खोकल्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला आणि उठून मैदानात गेला.

ओल्मेदितो चेंडू द्यायला तयार नव्हता. तो मातीच्या उंचवट्यावर पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "माझा मॅनेजर तिकडे बसलाय. त्याने सांगितलं का?" मॅनेजर हजर असताना त्याच्या हुकमाशिवाय पिचर बदलता येत नाही, हे खरंच होतं. देमेत्रिओ दोघांपाशी गेला, त्यांचं ऐकलं, आणि बाकाकडे वळून हाक मारली.

"कोंपाद्रे, हासिन्तोला तुम्ही पाठवलंत?"

दोन्ही बँड थांबले होते. कुंपणाबाहेरून हॉर्न वाजला तोही ऐकू आला. डॉन ओल्मेदो वेताच्या खुर्चीतून पुढे वाकला होता. रागावलेला दिसत नव्हता. एलादिओ काय म्हणतो ते ऐकायला वाकला होता. पाहुणे त्याच्याकडे बघत होते.

एलादिओ उभा राहिला. तोंड उघडलं तेव्हा आपण हो म्हणणार असंच त्याला वाटत होतं. एकच अक्षर होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही पाठवलं. तो आपण होऊन गेला."

हासिन्तो हात खाली सोडून तिथेच उभा राहिला, भर मैदानात, सगळ्यांच्या समोर, परक्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा. रिओ ओंदोच्या लोकांतून कोणीतरी शीळ घातली. आमच्या लोकांतून कोणी घातली नाही. त्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते आपापल्या पायांकडे बघू लागले. वर्षानुवर्षं टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

मागच्या रांगेत यारिएला उठली. तिला उठायला त्रास झाला. शेजारच्या बाईने कोपर धरलं.

"पाद्रिनो," ती म्हणाली. ओरडली नाही, पण शांततेत शब्द पोचला. "बाहेर काढा त्यांना."

देमेत्रिओने तिच्याकडे मान वळवली. "सकाळी तू वेगळं मागितलं होतंस, पोरी."

"सकाळचं परत घेते."

"नीट विचार कर. ते गेले की सगळं हासिन्तोवर येईल."

"येऊ दे. कोणावर तरी यायला हवं की नाही? काढा बाहेर."

देमेत्रिओने हात वर केला. फाटकाकडे बोट दाखवायला त्याला वेळ लागला, पण दाखवलं.

आणि आता एलादिओ खरा भांडला. "मी आत्ता काय केलं?" तो म्हणत होता. "एक वाईट शब्द बोललो का? लाथ मारली का? कोंपाद्रे, सांगा, कशाबद्दल?" टोपी काढायची, क्रूस करायचा तो विसरून गेला. त्याचा आवाज चिरकला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. आजवर त्याने केलेल्या सगळ्या भांडणांत हे एकच मनापासूनचं होतं, आणि त्याची बाजूही बरोबर होती. नियमांच्या पुस्तकात अशा हकालपट्टीला आधार नाही. पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं. लोक मैदानाकडे बघत होते, जिथे हासिन्तोने हात पुढे केला होता आणि ओल्मेदितो मान खाली घालून त्याच्या तळहातावर चेंडू ठेवत होता. पोराच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, हे जवळच्यांनी बघितलं. चार वर्षांत त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

एलादिओ फाटकातून बाहेर गेला तेव्हा नवीन पिचर, शाळेत शिपाई असलेला एक डावखुरा सडपातळ माणूस, पहिला चेंडू टाकत होता.

एल एस्पावे पाच-चारने जिंकलं. चषक डॉन ओल्मेदोच्या हातात दिला गेला, कारण संघ त्याचा होता. त्याने तो डोक्यावर धरून फोटो काढून घेतला आणि फोटोत हसलाही.

सोमवारी त्याने दोघांना गिरणीच्या ऑफिसात बोलावलं. चषक टेबलावर ठेवलेला होता. त्याने आधी हासिन्तोकडून ट्रकची किल्ली मागून घेतली आणि खोली महिनाअखेर रिकामी कर म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. जिंकलेल्या माणसाला चढवावा लागत नाही. मग तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने एलादिओच्या खांद्यावर हात ठेवला.

"या गावात खरं बोलणारा तुमच्यासारखा एकच माणूस आहे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर खरं ते सांगितलंत. माझ्या पोराची लाज राखलीत. पुढच्या वर्षीही संघ तुमचाच. दुय्यम तुम्हीच शोधा."

काहीतरी बोलायला हवं होतं. एलादिओला ते ठाऊक होतं. हासिन्तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या विजारीला अजून ट्रकचं ग्रीस लागलेलं होतं.

"आभारी आहे, डॉन ओल्मेदो," एलादिओ म्हणाला.

दोघं निघाले. हासिन्तो दारापाशी आधी पोचला. त्याने दार उघडलं, धरून ठेवलं आणि बाजूला झाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मोठ्या माणसाला द्यायचा तो मान होता.

"आधी तुम्ही, सासरेबुवा."

एलादिओ आधी बाहेर पडला.